दुखण्याचे हिशेबनीस

आरोग्याच्या अर्थशास्त्राचा पाया ज्या निबंधाने घातला असं मानतात, तो लिहिणारा केनेथ ॲरो दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या हवामान खात्यात अधिकारी होता. शिक्षण गणिताचं, नोकरी ढगांची. महिनाभर आधी वर्तवलेले अंदाज आणि डोळे मिटून मारलेला खडा यांत काहीच फरक नाही, असं त्याच्या तुकडीने आकड्यांनिशी दाखवून वर कळवलं. वरून उत्तर आलं: अंदाज निरुपयोगी आहेत हे सेनापतींना ठाऊक आहे, पण नियोजनासाठी ते लागतात.

जिल्हा नियोजनाच्या एखाद्या तरी बैठकीत चहा-बिस्किटं खाल्लेल्या माणसाला या उत्तराचं नवल वाटणार नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होडी वर ओढायची, हे आमच्या रापणकारांना कळतं. आकडा खरा असो-नसो, रकाना भरलेला हवा, हे साहेबांना कळतं. जिल्हा या दोन ज्ञानांवर चालतो.

हाच ॲरो पुढे १९६३ साली लिहून गेला की औषधोपचाराचा बाजार हा इतर बाजारांसारखा नाही. आजार कधी येईल ते सांगता येत नाही, आला तर इलाज लागू पडेल का तेही सांगता येत नाही, आणि डॉक्टरला जे ठाऊक असतं ते रोग्याला नसतं. मालवणच्या बाजारात बांगडा ताजा की शिळा ते कल्ले उघडून बघता येतं. हर्नियाच्या ऑपरेशनला कल्ले नसतात. एवढंच म्हणायचं होतं, पण गणितवाला असल्यामुळे त्याला बरीच पानं लागली. १९७२ साली नोबेल मिळालं ते दुसऱ्या कामासाठी.

म्हणजे या विषयाचा मूळपुरुषच बाहेरच्या घरातून आलेला. त्यानंतरही जो आला तो कुठून तरी वाट चुकून आला. महाराष्ट्रातली मंडळी बघा. डॉ. नोशीर अंतिया हे प्लास्टिक सर्जन. कुष्ठरोग्यांची वाकलेली बोटं सरळ करता करता त्यांना दिसलं की वाकलेली आहे ती सगळी व्यवस्थाच. १९७५ मध्ये त्यांनी फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ ही संस्था काढली. आपल्याच कोकणपट्टीत, अलिबागजवळच्या मांडव्याला, गावातल्या बायकांना शिकवून त्यांच्या हाती आरोग्यसेवा देऊन बघितली. पुढे स्थानिक पुढाऱ्यांनी त्या कामाला जो विरोध केला, तो वाचून कोकणी माणसाने मान खाली घालावी. याच संस्थेतून १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्याची एक पाहणी निघाली. घराघरांत जाऊन विचारलं, दुखण्यावर किती खर्च झाला? लोक सरकारपेक्षा किती तरी जास्त पैसा स्वतःच्या खिशातून घालतात, हे आज ज्याच्या-त्याच्या तोंडी असलेलं वाक्य तेव्हा मोजून दाखवावं लागलं. मोजणाऱ्यांतले प्रमुख रवी दुग्गल. शिक्षण? समाजशास्त्र.

डॉ. अभय बंग एम.डी. झालेले. त्यांनी काय तपासावं? शेतमजुराच्या किमान वेतनाचा पागे समितीचा हिशेब. मजुराला दिवसाला किती उष्मांक लागतात, घरात खाणारी तोंडं किती, हे सगळं त्यांनी पुन्हा मांडलं आणि ४ रुपयांचा आकडा १२ वर नेऊन ठेवला. सरकारला वेतन वाढवावं लागलं. वैद्यकाच्या शिक्षणाचा महाराष्ट्रातल्या गरिबांना झालेला सर्वांत मोठा फायदा कदाचित हाच असेल, आणि त्यात एकही गोळी खर्ची पडली नाही.

उलट बाजूने आलेले दोघे सातारकर. बुधचे पांडुरंग सुखात्मे आणि साताऱ्याचे वि. म. दांडेकर. दोघेही मूळचे संख्याशास्त्राचे. सुखात्मे लंडनला शिकले आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे संचालक झाले. दांडेकर पुण्याच्या गोखले संस्थेत. १९८०च्या आगेमागे या दोघांत जो वाद पेटला तो असा: गरीब माणूस ठरलेल्या उष्मांकांपेक्षा कमी खातो, म्हणून तो उपाशी का? सुखात्मे म्हणाले, शरीर एका मर्यादेत जुळवून घेतं, सगळ्यांना एकच सरासरी लावू नका. शिवाय खाल्लेलं अंगी लागायला पाणी स्वच्छ हवं. दांडेकरांना हे पटेना. भूक कमी काम करून जुळवून घेते, त्याला जुळवणं म्हणायचं का? दोघेही मोठी माणसं, दोघांचेही मुद्दे वजनदार. पण भाकरी किती पुरते हे दोन आकडेवाले ठरवत होते, आणि जिच्या तव्यावर ती भाजली जात होती तिचं मत टीपेतसुद्धा नव्हतं.

सुरेश तेंडुलकरांचंही नाव घ्यायला हवं. आडनावावरून कुडाळ तालुक्यातलं तेंडोली गाव त्यांच्यावर हक्क सांगणारच. शिक्षण अर्थशास्त्राचं, पुणे-दिल्ली करत थेट हार्वर्ड. त्यांच्या समितीने २००९ मध्ये दारिद्र्यरेषा आखताना उष्मांकांचा खुंटा सोडला आणि शिक्षण-आरोग्यावर लोक खिशातून जो खर्च करतात तो हिशेबात धरला. रेषा फार खाली आखली म्हणून त्यांना शिव्या पडल्या. पण डॉक्टरची फी हा गरिबाचा खर्च असतो, हे तरी सरकारी कागदावर आलं.

आता आमची तक्रार ही मंडळी वेगवेगळ्या घरांतून आली याबद्दल मुळीच नाही. उलट तेच बरं झालं. तक्रार अशी आहे की ज्याने जे शिक्षण घेतलं, त्याला बिलातला तेवढाच रकाना दिसतो.

हे इथे मालवणात बसून फार चांगलं दिसतं. देशभर घरोघरी जाऊन आजारपणाचा खर्च विचारणारी राष्ट्रीय नमुना पाहणी असते. तिची ७५वी फेरी २०१७-१८ मध्ये झाली. सरकारी रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च ४,४५२ रुपये, खासगीत ३१,८४५ रुपये, हा तिचा निकाल. दाखल झाल्याचं वर्षभरातलं विचारतात, साधं आजारपण पंधरा दिवसांतलं. कुटुंब म्हणजे काय, याचीही व्याख्या ठरलेली: एका चुलीवर जेवणारी माणसं. आता कल्पना करा, असा एक टॅबवाला मुलगा देवबागच्या एखाद्या पडवीत येऊन बसलाय.

"आजी, गेल्या वर्षभरात घरातलं कुणी दवाखान्यात दाखल झालं?"

"झाला मा. घोवाक बांबुळीक नेललो."

"खर्च किती आला?"

"ता माका काय म्हायत? झिलान केल्यान."

"मुलगा इथेच असतो?"

"दिव्याक रवता."

"मग तो कुटुंबात धरता येणार नाही."

"घरातलो नाय? मगे कोणाचो?"

आजीच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही विद्यापीठातल्या आरोग्य-अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात नाही. पैसे कुठून आणले, या प्रश्नाला पाहणीत ठरलेले पर्याय असतात: स्वतःची मिळकत-बचत, कर्ज, मालमत्ता विकून, मित्र-नातेवाइकांची मदत, इतर. आजीचा झील बसतो 'मित्र-नातेवाईक' या पर्यायात, म्हणजे शेजारच्या वाडीतल्या भावबंदाबरोबर. २००१ मध्ये सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. देश फुगत असताना जो जिल्हा आटला, दर हजार पुरुषांमागे १,०३६ बायका जिथे उरल्या, त्या जिल्ह्याचं दुखणं कोण भागवतं हे शेंबडं पोरही सांगेल. चाकरमानी. पूर्वी मनिऑर्डर होती, आता फोनवर टिंग वाजतं.

आणि पुढची गंमत ऐका. घराच्या एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसा दुखण्यावर गेला, तर जगभरचे अभ्यासक त्याला घराचं कंबरडं मोडणारा खर्च म्हणतात. पंचवीस टक्क्यांची आणखी कडक मोजपट्टीही आहे. आजी-आजोबांच्या चुलीवर दोन माणसांचा भात आणि वाटीभर आमटी. त्यांचा महिन्याचा खर्च तो किती! त्याच्याशी बायपासचं बिल ताडलं तर कंबरडंच काय, पाठीचा कणाही शिल्लक राहत नाही. पण आजी तर जेवतेय पहिल्यासारखी. कंबरडं मोडलंय ते तिकडे मुंबईजवळच्या दिव्याच्या दीड खोलीत. तिथे कर्जाचा हप्ता चालू आहे, मुलीचा क्लास बंद झालाय. तिथेही टॅबवाला जाईल कदाचित. तो विचारणार, तुमच्या कुटुंबातलं कुणी दाखल झालं होतं? झील म्हणणार, नाही. कारण बाप त्याच्या चुलीवर जेवत नाही. म्हणजे ज्या घराने पैसे दिले नाहीत ते कागदावर बुडालं, आणि जे खरोखर बुडालं ते तरंगतंय. दोन्ही उत्तरं प्रामाणिक. आकडाही बिनचूक. नियोजनासाठी उत्तम.

या पाहणीच्या जिवावर पुढे राष्ट्रीय आरोग्य लेखे तयार होतात. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला म्हणे. सरकारने टाळ्या घेतल्या. टीकाकारांनी विचारलं, कोविडच्या वर्षातला घरांचा खर्च तुम्ही २०१७-१८ च्या पाहणीवरून पुढे ओढून कसा काढलात? ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी मंगळसूत्र गहाण टाकलेल्या बायका त्या पाहणीत कशा असतील? ती तर कोविडच्या आधीच संपली होती. इथेही सेनापतींना ठाऊक असावं.

बांबोळीचं नाव निघालंच आहे. तिथलं गोवा मेडिकल कॉलेज म्हणजे १८४२ साली पोर्तुगीजांनी सुरू केलेल्या वैद्यकशाळेचा आजचा अवतार. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला, कुडाळ, मालवण, सगळ्यांना अवघड दुखण्यात पहिली आठवण त्याची होते. कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय आहे, पण मध्ये घाट आहे. आणि रोगी झोळीत असताना घाट कुणाला आवडत नाही. १ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने बिगरगोमंतकीय रुग्णांना तिथे शुल्क लावलं. एका रात्रीत आम्ही परप्रांतीय झालो. दोडामार्गात आंदोलन पेटलं. पुढाऱ्यांच्या गाड्या पणजीला धावल्या. पुढे महाराष्ट्राच्या महात्मा फुले आरोग्य योजनेच्या वाटेने तोडगा निघाला.

त्या काळात दोन्हीकडच्या नेत्यांची भाषणं ऐकली. एक बाजू म्हणायची, आमच्या करदात्यांवर भार पडतो. दुसरी म्हणायची, माणुसकी आहे की नाही. भार म्हणजे किती, हा सवालच कुणी केला नाही. सिंधुदुर्गातून वर्षाला किती रोगी जातात, कुठल्या आजाराचे, त्यांतले किती ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात बरे झाले असते, वाटेवर किती पैसा गेला, हे कागदावर मांडणारा माणूस दोन्ही बाजूंनी हवा होता. ज्याचं शिक्षणच या कामाचं असतं, तो आरोग्य-अर्थशास्त्रज्ञ. तो ना त्या गाडीत होता, ना व्यासपीठावर. गोव्याहून येताना इन्सुलीच्या नाक्यावर बाटल्या मोजतात. तिकडे जाणाऱ्या रुग्णवाहिका मोजायला नाका नाही.

योजनेचीही एक मौज. महात्मा फुले योजना २०१२ मध्ये 'राजीव गांधी जीवनदायी' या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आम्ही नव्हतो. पुढच्या वर्षी राज्यभर पोहोचली. प्रत्येक शस्त्रक्रियेचा एक ठरीव दर. त्यात औषधं, जेवण आणि रोग्याला घरी परतायचं एकवेळचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं. जातानाचं नाही. सोबतच्या माणसाचं नाही. ज्याने हा दर बसवला त्याने शस्त्रक्रियेचा सूक्ष्म विचार केला असेल, पण पोट फाडलेला माणूस टाके सांभाळत सावंतवाडी-मालवण गाडीत उभा राहून येतोय, हे त्याच्या शिक्षणात बसत नव्हतं. इकडे खासगी गाडी करतात, मंडळी. तिचं भाडं झिलान केल्यान.

दोडामार्गातला माकडतापही आठवा. २०१६ च्या जानेवारीत केर गावात माकडं मरू लागली, मग माणसं तापाने फणफणली. शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये सापडलेला हा आजार गोचिडीतून येतो, आणि त्याचा हंगाम नेमका काजूच्या हंगामावर येऊन बसतो. अभ्यासक आले. विषाणूवाले आले, गोचिडी गोळा करणारे आले, मेलेली माकडं मोजणारे आले. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं, त्यांना आमचा नमस्कार. पण बागेत जायची भीती बसली, बी झाडाखाली पडून राहिली, बाहेरगावचे मजूर यायला बिचकले, याचा रकाना कुणाच्या वहीत होता? आमच्याकडे ताप उतरल्यावर पहिला प्रश्न असतो, काजीचा काय झाला? त्या प्रश्नाचं शिक्षण घेतलेला माणूस कुठल्याच पथकात पाठवायची पद्धत नाही.

हे शिक्षण मिळत नाही असं नाही. देवनार म्हटलं की कत्तलखाना आणि कचऱ्याचा डोंगर आठवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की १९५६ ची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था तिथेच आहे आणि टाटा समाजविज्ञान संस्थाही तिथेच. परळच्या आयसीएमआरच्या संस्थेत एखादी नवी उपचारपद्धत परवडते का, याचा अभ्यास चालतो. केंद्राने त्यासाठी २०१७ मध्ये स्वतंत्र यंत्रणाच उभी केली. तिथली पोरं हुशार आहेत. त्यांचा नियम असा की भविष्यातल्या निरोगी वर्षाची किंमत दरसाल तीन टक्क्यांनी कमी धरायची. दहा वर्षांनी मिळणाऱ्या शंभरातले आज चौऱ्याहत्तरच. आणि एका निरोगी वर्षासाठी देशाच्या दरडोई उत्पन्नाइतका खर्च पडत असेल तर तो परवडला म्हणायचं. म्हणजे आज दोन लाखांच्या वर. आमच्या मालवणी म्हाताऱ्याला कुणी हे सांगितलं, तर तो आधी विचारील, रोख देतास काय?

या शिक्षणातला एक नेहमीचा धडाही ऐका. अमेरिकेतल्या रँड संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात हजारो लोकांवर प्रयोग केला: काहींना औषधोपचार फुकट, काहींना पदरचे पैसे. फुकटवाल्यांनी सेवा बऱ्याच जास्त वापरल्या, पण सरसकट पाहता तब्येतीत फारसा फरक पडला नाही. या निष्कर्षावर जगातल्या किती तरी विमा योजना पोसल्या गेल्या. फुकट दिलं की लोक उगाच येतात, हे ब्रीदवाक्य झालं. त्याच प्रयोगात असंही दिसलं होतं की गरीब आणि रक्तदाब असलेल्यांना फुकट उपचारांचा फायदा झाला. तो भाग भाषणांत येत नाही. बांबोळीला कुणी मौजेने जात असेल, तर त्याने आमच्याशी संपर्क साधावा. आम्ही त्याला त्याच पैशांत पणजी दाखवू.

वैद्यकाच्या बाजूने पाहावं तर 'पार्क' नावाच्या जाडजूड पाठ्यपुस्तकात खर्च-लाभाचे परिच्छेद आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री ते सोडून द्यायचे असतात. अर्थशास्त्राच्या बाजूने पाहावं तर बी.ए. झालेला आमचा पोरगा मागणीचा वक्र फळ्यावर सुरेख काढतो, पण ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरच्या रांगेत तो फक्त आजारी पडल्यावर उभा राहतो. दोघे एकमेकांना भेटतात ते जत्रेत, दशावतार बघताना.

यावर उपाय म्हणून पुण्याहून सल्लागार आणायची गरज नाही. ते येतील, सुरमईची थाळी खातील आणि तारकर्लीचे फोटो जोडून अहवाल देतील. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एम.बी.बी.एस.च्या नव्या नियमांप्रमाणे तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्याकडे जात राहावं लागतं. रक्तदाब मोजतात, हिमोग्लोबिन बघतात. त्याच वहीत आणखी तीन ओळी आखा: दुखण्यावर किती गेले, ते कुणी दिले, आणि देणाऱ्याने कुठून आणले. सोबत जिल्ह्यातल्या कॉलेजांतली अर्थशास्त्राची मुलं पाठवा. डॉक्टरीच्या पोराला आकडा कळेल, अर्थशास्त्राच्या पोराला जखम. तीन-चार वर्षांत या जिल्ह्याच्या हाती असा कागद येईल जो दिल्लीकडेही नाही, आणि पुढच्या वेळी पणजीला जाताना पुढाऱ्यांना भाषणाबरोबर तो नेता येईल.

तोवर वाचकहो, टॅबवाला तुमच्या पडवीत आलाच तर त्याला पाणी द्या, सोलकढी द्या, आणि झील कुटुंबात बसत नाही असं तो म्हणाला तर वाद घालू नका. फक्त झिलाच्या कर्जाचा हप्ता किती आणि अजून किती राहिले, ते शेऱ्याच्या जागी लिहून घेतल्याशिवाय त्याला उठू देऊ नका.